ऑर्व्हिल टेंच कोणाचा मित्र नव्हता

माझा थोरला भाऊ ऑर्व्हिल टेंच याने ओहायो नदीकाठच्या आमच्या गावात एकतीस वर्षे कपबशांच्या कारखान्यात भट्टी भरण्याचे काम केले. तो मितभाषी व हट्टी होता. चिनी मातीच्या धुळीने त्याची फुप्फुसे निकामी झाली व बासष्टाव्या वर्षी तो गेला. त्याच्या आजारपणातच मालक वेंडेल स्ट्रॉब यांनी कारखाना विकला. कामगारांचा आरोग्यविमा त्याच दिवशी बंद झाला, आणि त्याबरोबर ऑर्व्हिलची औषधेही.

यंदा हेच स्ट्रॉब गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. त्यांचे पत्रक दारात आले. मी उतारवयात अक्षरे शिकलो आहे, म्हणून ओळीखाली बोट ठेवून स्वतः वाचले: 'भट्टीवर घाम गाळायला मला माझा मित्र ऑर्व्हिल टेंच याने शिकवले.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्ट्रॉब यांनी भट्टीवर एक दिवसही काम केलेले नाही.

भावजय लोरीन एवढेच म्हणाली, "पत्रकातून त्याचं नाव काढायला लावते. शनिवारी चला माझ्याबरोबर."

शनिवारी अग्निशमन केंद्रात पॅनकेकची न्याहारी होती. मते मागणाऱ्याने तेथे ॲप्रन बांधून वाढावे, असा रिवाज आहे. लोरीनला पाहताच स्ट्रॉब यांनी फोटोवाल्याला खूण केली.

"या, या, लोरीनबाई! आज ऑर्व्हिल असता तर माझ्या शेजारी उभा असता."

"उभा? शेवटी त्याला पलंगावर उठून बसवत नव्हतं, साहेब."

तिने कपात कॉफी ओतून पुढे केली. "दमला असाल. घ्या."

त्यांनी कप थेट ओठांना लावला. आमच्या गावात पोरसुद्धा आधी कपाला नखाने टिचकी मारते. तडा असेल तर आवाज बसका येतो. भट्टीवाल्याचा हात तर झोपेतही ते करील.

"अगं बाई, न वाजवताच प्यायला की हा!" मागून आमची शेजारीण बर्निस हूल ओरडली. "भट्टीवाला म्हणे! घरी पाव भाजला असेल एखादा!"

सगळे हसले. लोरीन हसली नाही. "माझ्या नवऱ्यानं शिकवलं असतं, तर तुमचं नख आधी वाजलं असतं. त्याचं नाव काढा. आजच."

"बघतो, बाई. नक्की बघतो."

पुढच्या आठवड्यात तेच पत्रक पुन्हा आले. या वेळी त्यांना कप देणाऱ्या लोरीनचा फोटोही होता. स्ट्रॉब निवडून आले. आमच्या गावानेही त्यांनाच जास्त मते दिली. मी बर्निसला जाब विचारला.

"शेवटी आपल्या गावचा माणूस आहे रे," ती म्हणाली.

लोरीन आता न्याहारीला जात नाही. म्हणून मी येथे स्वहस्ते लिहून ठेवतो: ऑर्व्हिल टेंच हा वेंडेल स्ट्रॉब यांचा मित्र नव्हता. तो त्यांचा कामगार होता, आणि त्यांनी त्याला औषधावाचून मरू दिले.