आई बसल्या की बंद पडणारा पंखा

माझे सासरे चष्म्याच्या काचा घासतात. घराच्या खालीच त्यांचं दुकान आहे. आत काचा घासायचं यंत्र, भिंतभर फ्रेमा आणि खिडकीपाशी ते. काचेवर केसाएवढा ओरखडा राहिला तरी ते ती बाजूला ठेवतात आणि दुसरी घासायला घेतात. गिऱ्हाईक म्हणतं, "राहू द्या हो, मला चालेल." त्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं, "तुम्हाला चालेल, मला नाही ना चालणार."

असा हा सावकाश माणूस गाडीत बसला की पार बदलतो. पाठीमागे कुणी लागल्यासारखी गाडी हाकतो. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच फेरीत मी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून बसले होते. नवऱ्याकडे पाहिलं, तर तो लहानपणापासूनची सवय असल्यासारखा खिडकीबाहेर बघत निवांत बसला होता. सासूबाई पुढच्या सीटवर ताठ बसलेल्या, पर्स मांडीवर, चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, या घरात मीच एकटी भित्री.

गाडी जुनी. नवरा शाळेत होता तेव्हा घेतलेली. मागचं एक दार खांद्याने रेटल्याशिवाय उघडत नाही, आणि ते रेटायचं कसं हे पाहुण्यांना बाबा कौतुकाने शिकवतात. ती विकायचा विषय काढला की ते कानावर काही पडलंच नाही असं दाखवतात.

यंदा थंडी सुरू झाली आणि गाडीतला हीटरचा पंखा मधूनच बंद पडायला लागला. चालता चालता थांबायचा, थोड्या वेळाने आपला आपण पुन्हा सुरू व्हायचा. पंखा थांबला की समोरच्या काचेवर वाफ धरायची आणि बाबा एका हाताने फडक्याने काच पुसत दुसऱ्या हाताने गाडी चालवायचे. काच पुसतानाही वेग कमी नाही.

सासूबाईंची, म्हणजे आईंची, धाकटी बहीण डोंगराच्या पलीकडच्या गावात राहते. तिचं कमरेचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे आई दर आठवड्याला तिच्याकडे जात. बाबा सोडायला जात. पंखा बंद पडायचा तो नेमका याच रस्त्यावर.

"तू बसलीस की बंद पडतो," एकदा बाबा जेवताना म्हणाले.

"मग माझ्या बहिणीला म्हणावं, तूच चालत ये," आई म्हणाल्या आणि त्यांच्या पानात भाजी वाढली.

बाबांनी गाडी वायरिंगवाल्याकडे नेली. पोरसवदा असताना तो एकदा स्पार्क प्लगचा झटका खाऊन उताणा पडला होता, तेव्हापासून सगळे त्याला करंट म्हणतात. आता केस पिकले, तरी करंटच. त्याने फ्यूज पाहिला, पंख्याचं बटण खोलून पाहिलं. मग डाव्या-उजव्या सगळ्या वायरा हलवल्या. पंखा मस्त चालू. बाबांनी पुन्हा दोनदा नेली, तरी तेच. करंट शेजारी बसून एक चक्करही मारून आला, पंखा एकदाही थांबला नाही.

"मोटरमधले कार्बन झिजले असतील," बाबा म्हणाले. "मोटरच बदलून टाक."

"काका, थांबलेला बघितल्याशिवाय मी काही बदलणार नाही. उद्या नवी मोटरही थांबली तर तुम्ही माझ्याच नावाने बोटं मोडाल."

"आमची ही बसली तरच थांबतो म्हणे," बाबा थट्टेने म्हणाले.

करंट हसला नाही. "मग काकूंना घेऊन जाऊ. मी मागे बसतो."

त्या आठवड्यात मीही मावशींना भेटायला निघाले होते, म्हणून हा सगळा प्रकार मला बघायला मिळाला. करंटने पंख्याच्या मोटरला जिथे वायर येते तिथून दोन लांब तारा काढल्या, त्यांना एक छोटा बल्ब जोडला आणि तो हातात धरून माझ्या शेजारी मागच्या सीटवर बसला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"पंखा थांबला आणि बल्ब पेटलेलाच राहिला, तर मोटर खराब. दोन्ही एकदम गेले, तर मोटरपर्यंत करंट पोचतच नाही. मग वायरीत शोधायचं."

गावातून बाहेर पडेपर्यंत पंखा आणि बल्ब दोन्ही चालू. चढ संपून उतार लागला. पहिल्या वळणावर बाबांनी गाडी अशी घातली की मी करंटच्या अंगावर कलंडले. पंखा बंद. बल्बही बंद. वळण संपलं, दोन्ही सुरू. पुढचं वळण आलं, पुन्हा बंद.

"काका, मोटर चांगली आहे," करंट म्हणाला. "वायर कुठेतरी ढिली आहे." मग तो बल्ब सोडून पुढच्या दोन सीटच्या मधून वाकला आणि खाली बघत राहिला. पुढचं वळण आलं तसा तो हळूच म्हणाला, "काकू, तुमचा पाय."

"काय झालं पायाला?" आई म्हणाल्या.

"ब्रेकवरचा पाय जरा काढता का?"

"ब्रेक माझ्याकडे आहे," बाबा म्हणाले.

आईंनी पाय उचलला. बल्ब पेटला, पंखा घरघरला. "आता पुन्हा दाबा," करंट म्हणाला. आईंनी दाबला आणि दोन्ही गेले. मी वाकून पाहिलं. त्यांच्या उजव्या पायाखालचं कार्पेट एवढ्याशा जागेत झिजून गुळगुळीत झालं होतं. त्याच्या मागूनच मोटरची वायर वर गेली होती. पाय दाबला की ती ओढली जायची आणि वरचा ढिला झालेला प्लग सुटायचा.

बाबांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद करून ते त्या झिजलेल्या जागेकडे बघत राहिले.

"कधीपासून दाबतेस?"

"गाडी घेतली तेव्हापासून," आई म्हणाल्या.

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. पहिल्या वर्षी. तुम्ही म्हणालात, माझ्यावर विश्वास नाही का. मग म्हटलं, आपला ब्रेक आपण दाबलेला बरा."

करंट घाईघाईने उतरला आणि आईंना बाहेर उभं करून त्यांच्या सीटपुढे उकिडवा बसला. प्लग काढून दाखवला. एक टोक तापून काळं पडलेलं, तोंड पसरलेलं. त्याने ते कापून नवं बसवलं, वायर वर उचलून पायापासून लांब बांधून टाकली. तेवढा वेळ बाबा बोनेटला टेकून उभे होते. फडकं हातात होतं, पण पुसायला काही नव्हतं. आई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

पुढचा रस्ता बाबांनी इतका हळू कापला की मागून एक ट्रक भोंगा वाजवत पुढे गेला.

"बरं वाटत नाहीये का?" आईंनी विचारलं.

थोडं पुढे गेल्यावर बाबांनी विचारलं, "इथे भीती वाटते?"

"इथे नाही. ते पुढचं झाड आहे ना, तिथे."

झाडापाशी त्यांनी गाडी आणखी हळू केली. "एवढी चालेल?"

"अजून थोडी कमी."

"आता?"

"आता बरी."

दुकानात नंबर तपासताना गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे काच बदलत ते असंच विचारतात. तोच आवाज होता. उतार संपेपर्यंत दोघांचं तेच चाललं होतं. मी आणि करंट दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून बाहेर बघत बसलो.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्यांच्याबरोबर गेले. गाडीत छान ऊब होती. डोंगर उतरलो तेव्हा पुढून आवाज येईना, म्हणून मी डोकावले. आईंची मान एका बाजूला कलली होती, पर्स मांडीवरून घसरली होती. त्या गाढ झोपल्या होत्या.

मावशींच्या दारात बाबांनी गाडी उभी केली, पण इंजिन चालूच ठेवलं. थोड्या वेळाने मावशी काठी टेकत बाहेर आल्या आणि काचेवर टकटक करायला हात उचलला. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि मागचं दार कसं रेटायचं ते त्यांना खुणेनेच दाखवलं. मावशी कशाबशा माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"हिला काय झालं?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"काही नाही," बाबा म्हणाले. "झोपू दे जरा."