साहेबांची सीट

लग्नाच्या दिवशी मी हमसून हमसून रडले ते माहेर सुटत होतं म्हणून, असं आमच्या नात्यातल्या बायका आजही सांगतात. साफ खोटं आहे. मी जीपसाठी रडत होते.

बाबा अकोल्याला पोलीस खात्यात ड्रायव्हर होते. मोठ्या साहेबांची जीप त्यांच्या ताब्यात असे. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलिटरीने ज्या जीपा काढून टाकल्या त्यातलीच ती एक, डाव्या बाजूला स्टीअरिंग असलेली. पोलीस लाइनीतल्या आमच्या खोलीसमोर बाबा ती रोज सकाळी धूत, आणि बादल्या मी भरून देई. नटबोल्टचे पाने आणून देणं, प्लग पुसणं, चाकांचा चिखल खरवडणं, सगळ्याची मला मुभा होती. आत बसायचं मात्र नाही. "सरकारी गाडी हाये ते. घरचं मानूस बसत नाही त्यात," एवढंच ते सांगत. मला टायफॉइड झाला तेव्हा जीप दारात उभी होती आणि बाबांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून दवाखान्यात नेलं.

जीपइतकंच त्यांचं लॉगबुकावर प्रेम होतं. गाडी कुठून निघाली, कुठे गेली, काम काय, मैल किती, हे सगळं त्यात लिहून खाली साहेबांची सही घ्यायची. शेवटचा रकाना शेऱ्याचा. चाक पंक्चर झालं, उशीर झाला, तर तिथे खरं ते लिहायचं. वहीच्या रेघा मी पट्टीने मारून देत असे, म्हणून ते रकाने मला पाढ्यांसारखे पाठ होते.

माझ्या लग्नाला साहेब स्वतः आले होते. जाताना बाबांना म्हणाले, "मुलीला स्टेशनवर जीपने सोडा." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्यानंतर माझं लग्नात लक्ष कुठलं? मुंडावळ्यांच्या आडून मी रस्त्याकडेच बघत होते. निघायची वेळ झाली आणि दाराशी आला टांगा. साहेबांनी सांगूनही बाबांनी जीप आणली नव्हती. मी जी रडायला लागले ती आगगाडी बडनेऱ्याला पोचेपर्यंत थांबले नाही. नवरा बिचारा घाबरून गेला होता.

हा राग मी आठ वर्षं जपून ठेवला. लोणच्यासारखा, मधूनमधून हलवून.

नवऱ्याचं बडनेऱ्याजवळ राजापेठेत गॅरेज होतं आणि मागेच आमचं घर. दर्यापूरकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात मोटारी रुतून बसत, तेव्हा त्या रस्त्यावर सवाऱ्या न्यायला जीप हवी, हे त्याच्या फार दिवसांपासून मनात होतं. अकोल्याला पोलिसांच्या जुन्या गाड्यांचा हर्रास निघाला, तो बोली लावून आला, आणि दुसऱ्या दिवशी एका ट्रकच्या मागे बांधून एक जीप आमच्या दारात आली. नंबराच्या पाट्या काढून घेतलेल्या, वरचा कापडी हूड फाटलेला, एक दिवा फुटलेला. पिठाच्या हातांनी मी बाहेर आले आणि सहज स्टीअरिंगकडे पाहिलं. त्याला चिंधी गुंडाळलेली होती, तेलाने काळीकुट्ट झालेली. अकोल्याच्या उन्हाळ्यात हात भाजतात म्हणून बाबा आईच्या जुन्या लुगड्याचा काठ असाच गुंडाळत. मी एक वेढा सोडवला. आतून हिरवा रंग निघाला, लाल काठाचा.

मला इतका आनंद झाला की मी पिठाच्याच हातांनी बॉनेट थोपटलं. "अहो, ही आमची जीप आहे!"

"आपलीच आहे. कालच पावती केली," तो म्हणाला. त्याला काय कळणार.

त्याला सगळं सांगितलं आणि तिथेच भांडणाला सुरुवात झाली. त्याचे बेत ठरलेले होते. स्टीअरिंग उजवीकडे घ्यायचं, वर पत्र्याचं छप्पर चढवायचं, बाजूंना दारं, सीटला लाल रेक्झिन, आणि रंग मोतिया, म्हणजे सवाऱ्यांना प्रसन्न वाटेल. मी म्हटलं, यातलं काही करायचं नाही. ही बाबांची गाडी आहे, ती बाबांना पाहताक्षणी ओळखू आली पाहिजे. दिवाळीला ते येतील, या गाडीत मला बसवतील, माझा आठ वर्षांचा हिशोब पुरा होईल. मग तिला खुशाल मोतिया फासा.

"अन ब्रेक?" त्याने विचारलं. "दोनदा पंप मारल्याशिवाय लागत नाहीत. तेही जसेच्या तसे ठेवू?"

ब्रेकपुढे मला हार मानावी लागली. वायरिंगही उंदरांनी खाल्लं होतं. शेवटी तहाची कलमं ठरली: जे दिसत नाही ते त्याचं, जे दिसतं ते माझं. ब्रेक, वायरिंग, बॅटरी, सीटच्या आतल्या स्प्रिंगा नव्या. रंग, हूड, भोंगा, डावं स्टीअरिंग आणि ती चिंधी जुनी.

स्वयंपाक उरकला की मी पॉलिश पेपर घेऊन जीपला भिडत असे. समोरच्या बायका दारात येऊन बघत. बघोत. घासता घासता एके दिवशी वरच्या निळ्या रंगाखाली खाकी लागला आणि खाकीखाली मिलिटरीचा हिरवा. नवऱ्याला आयतंच सापडलं.

"आता सांग, यातला मूळ कोणता? अगदी मुळावर जायचं तर ही पोलिसांचीसुद्धा नव्हती."

 तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना मला उत्तर सुचलं. ज्या रंगावर मी बादलीने पाणी ओतलं तो मूळ. मूळ कुठून मोजायचं हे मोजणाऱ्याने ठरवावं. तो हसला आणि निळा डबा घेऊन आला. जुन्या पॅनेलशी ताडून तो रंग जुळवायला त्याने चार वेळा डबा ढवळला, आणि शेवटी त्याच्याच तोंडून निघालं, "आता खरी साहेबाची वाटते." तोपर्यंत त्यालाही वेड लागलं होतं. भोंग्याचा रबरी फुगा मिळवायला तो सायकलवर बडनेऱ्याला तीनदा जाऊन आला.

दिवाळीत आई-बाबा आले. मी त्यांना पाणीसुद्धा दिलं नाही, सरळ गॅरेजमध्ये नेलं आणि वरची ताडपत्री ओढली.

बाबा बघतच राहिले. मग हळूहळू तिच्याभोवती फिरले. बॉनेट उघडून तेलाची काडी काढली, पुसली, पुन्हा घालून पाहिली. पायाने ब्रेक दाबला.

"जवाईबापू, ब्रेक नवे टाकले काय?"

"हो."

"चांगलं केलं. मले दोनदा पंप मारा लागे."

तेवढ्यात आईला स्टीअरिंग दिसलं. "हे त माह्या लुगड्याचा काठ! मी आठ दिवस धुंडला होता." आणि बोलता बोलता ती मागच्या बाकावर चढूनही बसली. "मी त बसली बाप्पा."

"उतर खाली," बाबा म्हणाले.

"काहून उतरू? आता कोनता सायेब येते?"

ती उतरली नाही.  मी म्हटलं, "बाबा, चालवा ना. मला बडनेरा स्टेशनपर्यंत नेऊन आणा. मी पुढे बसते."

बाबांनी साहेबांच्या सीटवरून हात फिरवला आणि मागे घेतला. "कागद तुमच्या नावाचे झाले, हे मले समजते. पन गाडी जशीच्या तशी हाये. इथं बसलो का बाजूले सायेबच दिसतीन मले. त्याइच्या सीटवर पोरीले कशी बसवू?" आणि कसनुसं हसत म्हणाले, "अन लॉगबुकही नाही."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मोतिया रंग त्याच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसला. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन महिने घासूनपुसून मी ती इतकी हुबेहूब करून ठेवली होती की तिच्यात माझ्यासाठी जागाच उरली नव्हती. आणि मोतिया रंगवली असती तर बाबा मला घेऊन बसले असते, पण ती ही जीप नसती.

मी तरातरा घरात गेले. गॅरेजची एक कोरी वही घेतली, पट्टी घेतली आणि रेघा मारल्या. तारीख. कुठून. कुठे. काम. मैल. सही. शेरा. कामाच्या रकान्यात लिहिलं: 'चालकाच्या मुलीस स्टेशनवर सोडणे. साहेबांचा तोंडी हुकूम, पूर्वीचा.' अधिकाऱ्याच्या जागी माझी सही ठोकली आणि वही बाबांच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ते एवढंसं वाचायला त्यांना फार वेळ लागला. मग त्यांनी आत वाकून मीटर पाहिला, मैलांचा आकडा टिपला, टोपी सारखी केली आणि डावीकडे जाऊन बसले. मी उजवीकडे बसले, साहेबांच्या सीटवर. नवरा मागे शिपायांच्या बाकावर, आईच्या शेजारी.

राजापेठेतून निघालो तेव्हा समोरच्या बायका दारात होत्या. मी भोंगा वाजवला. खरं तर तो वाजवणं माझं काम नव्हतं. पहिल्याच वळणावर एक बैलगाडी आडवी आली आणि बाबांनी सवयीने दोनदा पंप मारला. नव्या ब्रेकने जीप जागच्या जागी अशी थबकली की आई नवऱ्याच्या अंगावर आली. सगळ्यात आधी बाबाच हसले. त्यांना गाडी चालवताना हसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. बडनेऱ्याला स्टेशनसमोर त्यांनी जीप उभी केली, मीटर पाहिला आणि परत वळवली. त्या रस्त्यावरून परत येताना मी वाऱ्याने उडणारा पदर आवरलासुद्धा नाही.

घरी आल्यावर बाबांनी वही मागून घेतली. मैल भरले. मग शेऱ्याच्या रकान्यात, त्यांच्या त्या सावकाश, एकेक अक्षर उभं करणाऱ्या हाताने लिहिलं: 'गाडी आठ वर्षे उशिरा लागली. चूक चालकाची.'

वही त्यांनी माझ्यापुढे धरली. शेरा लिहिला की त्याखाली पुन्हा अधिकाऱ्याची सही लागते. मी केली.