अप्पांनी मोकळी केलेली जागा

अप्पांच्या मुलाचा, शिवकुमारचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात होतो. "सर, अप्पा गेले," एवढंच बोलून तो थांबला. मग रडवेल्या आवाजात म्हणाला, "येताना गाडी लांबच लावा. मेन रोडवर जागा न्हाई." ज्या माणसाची शेवटची वर्षं याच रडगाण्याशी भांडण्यात गेली, त्याच्या जाण्याची बातमीही ते रडगाणं सोबत घेऊनच आली...

लिंगायत रिवाजाप्रमाणे बसवणप्पांना, आमच्या अप्पांना, फुलांनी सजवलेल्या पालखीवजा विमानात बसवून नेत होते. ते विमान भर बाजारात अडकलं. दोन्हीकडं गाड्या, आणि मधोमध आडवी लावलेली एक मोटारसायकल, हँडल लॉक केलेली. तिच्या मालकाला शोधायला माणसं धावली. तोवर अप्पा कपाळाला भस्म लावून ताठ बसून होते. मला रडायचं होतं, पण आधी राग आला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. जळकोटकडच्या आमच्या खेड्यातून शिकायला आलो, तेव्हा अप्पांनी आपल्या कापड दुकानाच्या माडीवर मला ठेवून घेतलं. माझ्या वडिलांची आणि त्यांची ओळख काय, तर वर्षाला एक धोतरजोडी! नोकरीच्या मुलाखतीला मी जो शर्ट घालून गेलो, त्याचं कापडही त्यांनीच फाडून दिलं. "मास्तर हो, पण कुणी बोलत असताना मधी तोंड घालू नको," असं बजावलं. स्वतः मात्र सगळ्यांच्या बोलण्यात तोंड घालत.

रस्त्याचा विषय त्यांच्या डोक्यात शिरला तो दुष्काळात. दुकानामागच्या गल्लीत बायका सकाळपासून घागरी घेऊन थांबल्या होत्या. टँकर आला, पण मेन रोडवरच्या गाड्यांमुळं त्याला गल्लीत वळता येईना. ड्रायव्हरनं खूप हॉर्न वाजवला आणि शेवटी भरलेला टँकर तसाच माघारी नेला. त्या दिवशी अप्पांनी दुकान उघडलं नाही. नगरपालिकेत जाऊन बसले.

पालिकेनं नकाशा केला. एका बाजूला गाड्या, दुसऱ्या बाजूला फूटपाथ. मात्र दुकानदारांनी रस्त्यावर आलेले आपापले ओटे काढून घ्यायचे. झालं, सभा सुरू झाल्या. मी किती सभांना गेलो ते आता आठवतही नाही. चहा मात्र प्रत्येक सभेत वेळेवर आला. भांड्यांचे व्यापारी मलप्पा दरवेळी उठायचे. "अप्पा, गिऱ्हाईक गाडीवर येतंय. गाडी दारात लागली न्हाई तर ते पुढच्या दुकानात जातंय. आन आता आपला जिल्हा होणार हाय. कलेक्टर आला की रस्ता आपोआप रुंद होतोय."

"जिल्हा झाला की माणसाला चार पाय फुटणार हायत का?" अप्पा विचारायचे. "आज दोन पायांवर चालायचं कुठून, ते सांग."

हशा व्हायचा. हसून सगळे घरी जायचे. जिल्हा दर निवडणुकीला होता होता राहायचा, आणि फूटपाथही.

शेवटी पालिकेनं सांगितलं, दुकानदारांचं एकमत करून आणा. अप्पा म्हणाले, "कुणाला तरी आधी हात घालावा लागतो." मी परोपरीनं विनवलं, "अप्पा, आधी बाकीच्यांकडून कबूल करून घ्या." दुसऱ्या दिवशी वडिलांच्या काळातला शहाबादी फरशीचा ओटा त्यांनी उभं राहून फोडून घेतला. बाजारच्या दिवशी खेड्यातली माणसं त्याच ओट्यावर बसून भाकरी सोडायची. ती आता कुठं बसणार, हे त्यांना टोचत होतं. पण ती चालणार कुठून, हे जास्त टोचत होतं.

दुसऱ्या एकाही दुकानदारानं आपला ओटा फोडला नाही. उलट अप्पांच्या दारात जागा मोकळी झाल्याचं बाजाराला कळलं आणि आठवड्यात तिथं गाड्या लागू लागल्या. बहुतेक मलप्पांच्या गिऱ्हाइकांच्याच. मलप्पा वर म्हणाले, "अप्पा, तुमी गावाची सोय केली बघा!" त्या रात्री अप्पा जेवले नाहीत, असं शिवकुमारनं मला नंतर सांगितलं.

मागच्या आठवड्यात शोकसभा झाली. भाषणं झाली, काहींचे डोळेही भरून आले. मग मलप्पांनीच ठराव मांडला, मेन रोडला अप्पांचं नाव द्यावं. टाळ्या पडल्या. त्या रस्त्याबद्दल एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. नावाचा फलक कुठं लावायचा यावर थोडी चर्चा झाली, कारण प्रत्येकाच्या दारात ओटा. "अप्पांच्याच दुकानासमोर लावू. तिथं जागा मोकळी हाय," कुणीतरी सुचवलं.

शिवकुमार उठला. बापासारखा त्याला बोलता येत नाही. "काका, फलक नको. तेवढी जागा चालायला ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

सभा संपवून मी दुकानाकडं आलो. समोर तीन मोटारसायकली होत्या. शिवकुमार त्यातली एक मागून उचलून बाजूला सरकवायला बघत होता. अप्पा रोज संध्याकाळी हेच करायचे म्हणे, दम लागेपर्यंत. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पुढचं चाक धरलं.