आत्याची गोळी आणि माझी अक्कल

आमच्या घरात औषधाचा कागद वाचायची पद्धत नव्हती, कारण घरात मी होतो.

इथं हिंदी मुलखात, शिंदे की छावनीतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांच्या दुखण्यांवर सल्ला मीच देतो (कुणी मागितला नसला तरी). त्यामुळे आत्या अंगणात घसरली, तिचं मनगट मोडलं, हाडं ठिसूळ झालीत असं निघालं, तेव्हा कारभार आपोआप माझ्याकडे आला. आठवड्यातून एकच गोळी. हाडांचं औषध आणि ड जीवनसत्त्व एकातच. कॅल्शियम वेगळं.

"अब कूल्हा टूटा तो बिस्तर पकड़ लेंगी," डॉक्टर म्हणाले. म्हणजे खुबा मोडला की अंथरूणच. तेव्हापासून जिना उतरताना आत्या माझा हात धरू लागली. जन्मभर शाळेत पोरांचे कान धरलेली बाई! मला ते बघवेना.

डॉक्टर पुढेही बरंच सांगत होते. मी "हां हां, समझ गया" म्हणून त्यांना आवरलं. रिकाम्या पोटी घ्यायची, एवढं कळलं होतं.

"बाबा, कागज पढ़ तो लो एक बार," मुलगी म्हणाली.

"कागद अडाण्यांसाठी असतो."

वार मीच ठरवला: गुरुवार. आत्याचा दत्ताचा उपास, म्हणजे पोट आयतंच रिकामं. ही युक्ती त्या डॉक्टरला सात जन्मांत सुचली नसती. कॅल्शियमही त्याच वेळी उरकायचं ठरलं, दोनदा कोण लक्षात ठेवणार?

गुरुवारी पूजा झाल्यावर मी पाणी आणायला निघालो.

"पाणी कशाला?" आत्या म्हणाली. "पंचामृत आहे ना. औषध तीर्थाबरोबर घेतलं की गुण येतो."

मी मान डोलावली. दूध, दही, हाडांना उत्तमच. दोन्ही गोळ्या चमचाभर पंचामृतावर गेल्या.

"आता आडवी हो," मी म्हणालो. "बसून राहिलीस तर औषध सगळं पायांत उतरेल. मनगटापर्यंत पोचायला हवं."

थोड्याच वेळात आत्या छाती धरून उठली. "अरे, आग होतेय."

मी तत्काळ हृदयविकाराचं निदान केलं आणि ते गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात केलं. आत्याला आणि मुलीला ऑटोत कोंबून दवाखाना गाठला. हृदय ठणठणीत निघालं. मग डॉक्टरांनी आत्याला विचारलं, "गोली किससे ली? पूरा गिलास सादा पानी?"

"पंचामृत से."

"कैल्शियम?"

"साथ में."

"आधा घंटा सीधी बैठीं?"

"लेटी थी. इसने कहा."

डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. ही गोळी अन्ननलिकेत रेंगाळली की जाळते, आणि दूध-कॅल्शियमबरोबर अंगी लागत नाही. म्हणजे अपाय पुरता आणि उपाय शून्य, हे एकाच घोटात साधणारा छावनीतला मी पहिलाच. छातीतली आग पुरती शमेपर्यंत गोळी बंद झाली. परतताना जिन्यावर आत्यानं मुलीचा हात धरला. ते मात्र लागलं.

डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, पण वार आता मंगळवार. उठल्याबरोबर आत्या पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी घेते आणि अर्धा तास ताठ बसते. चहासुद्धा नाही. कॅल्शियम दुपारी, जेवणानंतर. त्या अर्ध्या तासात तिला दुसरा उद्योग नसतो, म्हणून ती तो कागद मोठ्यानं वाचते आणि मला प्रश्न विचारते. उत्तर चुकलं की उभं राहायचं.

परवाच्या मंगळवारी गोळी तिनं घेतली, आणि अर्धा तास उभा मी होतो.