एकसष्टावा फोटो

इरा आणि अर्णव,

आधी एक स्पष्ट करते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. एकोणतीस वर्षं मी इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये स्लाइड्सना लेबलं लावली, त्या मायक्रोस्कोपखाली पाहिल्या आणि जे दिसलं तेवढंच लिहिलं. गणपतीच्या जेवणात कुणी ‘आमच्या मामांना एकदा दिसलं होतं...’ असं सुरू केलं की मी ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जायचे. त्यामुळे पुढचं वाचून तुम्हाला हसू आलं तर हसा.

हे तुम्हाला वेगळं न पाठवता अशा अनुभवांच्या या साइटवर सगळ्यांसमोर टाकतेय, त्याला कारण आहे. तुम्हाला एकट्यांना पाठवलं तर तुम्ही ‘आजी, आर यू ओके?’ विचाराल आणि लगेच बाबांना फोन कराल. इथे अनोळखी लोक वाचतील, शंका काढतील. कुणाला सरळ स्पष्टीकरण सुचलं तर मला ते हवंच आहे. तुम्ही सोडून बाकीच्यांची नावं बदलली आहेत.

इरा, तू शिकायला डंडीला गेलीस त्या हिवाळ्यात हे तूच सुरू केलंस. रोज एकच फोटो, दुपारी बाराच्या आत. पुन्हा काढायचा नाही, डिलीट करायचा नाही, आणि घरी येईपर्यंत स्क्रीनवर बघायचाही नाही. जो एक दिवस चुकेल तो हरला. अर्णव तिसऱ्याच दिवशी हरला. उरलो आपण दोघी. तुझ्याकडून रोज तो स्कॉटलंडचा आडवा पाऊस यायचा — ओले दगडी जिने, उलटी झालेली छत्री, सकाळी आठलाही न सरलेला अंधार. ‘आजी, आज अकरा मिनिटं ऊन होतं!’ असं एकदा लिहिलं होतंस.

माझ्याकडेही काही वेगळं नव्हतं. त्या वर्षी इथे पिस्कॅटवेला बर्फ पडलाच नाही. नोव्हेंबरच्या शेवटी जो पाऊस लागला तो लागलाच. रस्ते, गवत, आकाश, सगळं एकाच मळक्या रंगाचं. मी रोज नऊला पिवळा रेनकोट घालून निघायचे. कॅमेऱ्याला हॉटेलातून आणलेली शॉवर कॅप घालायचे, लेन्सपुरतं भोक पाडून. मागचा स्क्रीन आत दुमडून ठेवायचे, म्हणजे मोह नको. घरी आल्यावर कॅमेरा डब्यात, डब्यात औषधाच्या बाटल्यांतल्या ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या. वहीत नंबर, वेळ, जागा.

जागा एकच होती. आमच्या टाउनहाउसेसच्या मागे पावसाचं पाणी साठवायला केलेलं तळं आहे ना, तुम्ही लहानपणी बदकांना पोळी टाकायचात ते. माझ्या बाजूने पायवाट आहे. समोरच्या काठाला ग्लेनचं घर. ग्लेन पंचावन्न-साठचा, एकटा राहणारा, लाल टोपी घालणारा माणूस. पाणी शांत असलं की त्याचं राखाडी घर तळ्यात उलटं दिसायचं, आणि पावसाचे थेंब त्याला भोकं पाडायचे. मला ते आवडलं. मी रोज पाण्यातलं ते घर टिपायचे.

ग्लेनला ते आवडलं नाही.

आधी तो नुसता मागच्या लाकडी डेकवर येऊन उभा राहायचा. मी हात केला तर बघत राहायचा. मग कुंपणावर पाटी आली, फोटो काढू नयेत अशी. ती माझ्यासाठीच होती, कारण तिकडे दुसरं कुणी फिरकत नव्हतं. एकदा तो तळ्यापलीकडून ओरडला, “मॅम, व्हॉट डू यू वॉन्ट फ्रॉम मी?” मी ओरडून सांगितलं की मी पाण्याचे फोटो काढते. त्याने अशी शिवी दिली की ती मी इथे लिहिणार नाही. त्या जागेचाच मला राग यायला लागला होता. वाटेवरचे हंस फिस्कारून अंगावर यायचे, बुटात पाणी जायचं, हात बधिर व्हायचे. पण इरा, तुझ्याकडून हरायचं नव्हतं.

जानेवारीत ग्लेनने शेजाऱ्यांच्या ॲपवर लिहिलं: ‘एक म्हातारी बाई रोज सकाळी माझ्या घराचे फोटो काढते, तिच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतो, घरचे लक्ष देतील का?’ खाली माझा पाठमोरा फोटो. आमच्या शेजारच्या शैलाताईंनी तो लगेच तुमच्या बाबांना, तिकडे तुमच्या अर्विंगच्या घरी, फॉरवर्ड केला. काळजीपोटी, असं त्या म्हणतात.

तुम्हाला माहीत नसेल, पण सप्टेंबरमध्ये मी ग्रोसरी घेऊन येताना रस्ता चुकले होते. रस्ता बंद म्हणून डिटूर होता, मी भलतीकडे वळले आणि दीड तास फिरत राहिले. तेव्हापासून निखिलच्या, म्हणजे तुमच्या बाबांच्या, मनात एकच होतं. त्या दिवशी त्याने फोन केला.

“आई, हे काय चाललंय?”

“काही नाही. मी तळ्याचे फोटो काढते.”

“साठ दिवस? एकाच तळ्याचे?”

“तुझी मुलगी पण साठ दिवस पावसाचेच काढतेय. तिला विचारलंस का?”

“ती तेवीस वर्षांची आहे, आई.”

“मग वय सांग ना सरळ. फोटोचं नाव कशाला घेतोस?”

तो हळू आवाजात म्हणाला, “अजून एक तक्रार आली ना, तर मी येऊन तुला घेऊन जाणार. घर विकू. मी सीरियसली बोलतोय.”

त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण या घरात मी एकतीस वर्षं राहिलेय. इथला प्रत्येक दिव्याचा खटका मला डोळे मिटून सापडतो. अर्विंगला मी कुणाच्या तरी गेस्टरूममध्ये राहणार होते, प्रेमाने, पण गेस्टरूममध्येच.

दुसऱ्या दिवशी एकसष्टावा फोटो होता. सकाळचे नऊ वाजून बारा मिनिटं, रिमझिम, वारा नाही. मी पाण्यावर फोकस केला आणि बटण दाबलं. कॅमेरा खाली घेतला तर ग्लेन तळ्याला वळसा घालून माझ्याच दिशेने येत होता. लाल टोपी, घरातल्या सपाता, छत्री नाही. अर्धं तळं पार करून झालं होतं. मी पळाले नाही, कारण पळता येत नाही.

“दाखवा,” तो म्हणाला. अर्थातच इंग्रजीत, मी मराठीत सांगतेय. “आत्ता काढलेला दाखवा, नाहीतर पोलिसांना बोलावतो.”

मला बरंच वाटलं. एकदाचं दाखवून टाकावं. “फक्त पाणी आहे,” म्हटलं, “आणि तुमच्यामुळे माझा नियम मोडतोय.” दुमडलेला स्क्रीन उघडला, आणि आम्ही दोघांनी तो फोटो एकाच वेळी पहिल्यांदा पाहिला.

त्यात मी होते.

पिवळा रेनकोट, डोळ्याला लावलेला कॅमेरा, त्यावर शॉवर कॅप. समोरून आणि वरून घेतलेला फोटो. मध्ये पूर्ण तळं. कडेला पांढरी चौकट, काचेवर बाहेरून ओघळलेले थेंब. आणि तळ्याच्या उजव्या वाटेवर, पाठमोरा, माझ्याकडे निघालेला लाल टोपीवाला माणूस.

तो फोटो ग्लेनच्या घराच्या वरच्या खिडकीतून काढलेला होता. तो काढला गेला तेव्हा ग्लेन वाटेवर होता, कॅमेरा माझ्या हातात होता, आणि घरात कुणीच नव्हतं.

मी मागचा फोटो पाहिला — साठावा, पाण्यातलं घर. पुन्हा पुढे गेले. तोच फोटो. नंबर बरोबर, वेळ नऊ बारा.

ग्लेनचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मला वाटलं होतं तो ओरडेल. त्याने हळूच मान वळवून घराकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली.

“तुम्ही फोटो काढायला लागलात तेव्हापासून हे सुरू झालं,” तो म्हणाला.

“काय सुरू झालं?”

“त्या वरच्या खोलीत मी काही ठेवत नाही. रिकामी आहे. रात्री खिडकीचं ब्लाइंड खाली ओढतो. सकाळी नऊला तुम्ही येता आणि ते वर गेलेलं असतं. रोज.” त्याचे दात वाजत होते. “मला वाटायचं तुम्ही काहीतरी करताय. ते तुम्हाला बघायला येतं. मला नाही, मॅम. तुम्हाला.”

त्याने मला फोटो डिलीट करायला सांगितलं. मी नाही म्हटलं. त्यावर भांडला नाही. उलट म्हणाला, “माझ्याबरोबर दारापर्यंत चला. आत येऊ नका, फक्त बाहेर उभ्या राहा.”

दोन महिने मला छळणारा माणूस पावसात सपाता घालून माझ्याकडे एवढंच मागत होता. आणि मी म्हटलं, “माझं वरण गॅसवर आहे.” वरण नव्हतं.

तो म्हणाला, “ठीक आहे. मी ॲपवरची पोस्ट काढतो, लिहितो की चूक झाली. तुम्ही उद्यापासून फोटो काढू नका, आणि हे कुणाला सांगू नका. लोक आपल्या दोघांनाही वेडं ठरवतील.”

मी लगेच हो म्हटलं.

संध्याकाळच्या आत त्याने शब्द पाळला. मीही पाळला. इरा, तुला कळवलं की कॅमेऱ्यात पाणी गेलं, तू जिंकलीस. कॅमेरा ठणठणीत आहे. निखिलला सांगितलं, ‘त्या माणसाने कबूल केलं, गैरसमज होता.’ तो म्हणाला, “सॉरी आई, मी उगीच...” अर्विंगचा विषय संपला.

त्या दुपारी मी सगळे फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले. साठ फोटोंपैकी तेवीस दिवस पाऊस जोरात, पाण्यात काही ओळखू येत नाही. उरलेल्या सदतीस फोटोंत वरच्या खिडकीचं ब्लाइंड वर आहे. सदतीसच्या सदतीस. माझं लक्षच गेलं नव्हतं. आणि एकसष्टाव्यात काचेच्या खालच्या कोपऱ्यात आतून धूसर डाग आहे. थंडीत काचेला तोंड लावून श्वास सोडला की उमटतो तसा. एवढ्या खाली, की उभ्या माणसाचं तोंड तिथे पोचणार नाही.

मी जमेल तेवढे मार्ग तपासले. या कॅमेऱ्यात एकावर एक दोन फोटो, म्हणजे डबल एक्स्पोजर, होऊ शकत नाही. कार्ड कुणी बदललेलं नाही, कॅमेरा माझ्या गळ्यात होता. रिफ्लेक्शन म्हणावं तर मी घराच्या आतून कशी दिसेन? सप्टेंबरसारखं माझंच काही निसटलं का, हेही प्रामाणिकपणे तपासलं. पण ग्लेनने तो पाहिला होता. दोन माणसं एकच चूक एकाच वेळी कशी करतील?

मार्चमध्ये ग्लेन गेला. ट्रकमध्ये सामान भरताना त्याने तळ्यापलीकडून माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मेमध्ये ते घर भाड्याने गेलं.

आलेली मुलगी नागपूरची आहे. रुचा. नवरा रोज ऑफिसला जातो, ही घरूनच काम करते. पहिल्याच आठवड्यात ढोकळा घेऊन आली. “काकू, तुम्ही समोरच! मला तर यार, माहेर मिळाल्यासारखं झालं.” मला ती फार आवडली. दोन आठवड्यांपूर्वी बोलता बोलता म्हणाली, “वरच्या खोलीत मी डेस्क टाकलंय. तळं काय मस्त दिसतं! फक्त ते ब्लाइंड बिघडलंय. मी खाली करते, सकाळी बघते तर वर. आधीच्या माणसाने कधी काही सांगितलं होतं का हो?”

मी उत्तर द्यायला जास्तीत जास्त दोन सेकंद घेतले असतील. त्या दोन सेकंदांत मला निखिलचा आवाज ऐकू आला, विमानाचं तिकीट दिसलं, गेस्टरूमची चादरसुद्धा दिसली.

“जुन्या ब्लाइंड्सच्या स्प्रिंगा अशाच असतात गं,” म्हटलं.

तिने विश्वास ठेवला. मी लॅबमध्ये होते ना, उगीच काही सांगणार नाही.

तेव्हापासून मला झोप नाही. त्या खिडकीत काय आहे, ते मला माहीत नाही. ते काय बघतं, फोटो माझ्या कॅमेऱ्यात कसा आला, मी फोटो थांबवल्यावरही ते का थांबलं नाही, यातल्या एकाचंही उत्तर माझ्याकडे नाही, आणि मिळेल असं वाटत नाही. पण मी रुचाशी खोटं का बोलले, त्याचं उत्तर आहे. मला या घरात राहायचं होतं, आणि त्यासाठी मी एका मुलीला त्या खोलीत बसू दिलं, रोज आठ तास.

आज चारला ती चहाला येतेय. एकसष्टावा फोटो प्रिंट करून टेबलावर ठेवलाय. आधी तिला तो दाखवणार, मग हे वाचायला देणार. ती घाबरेल. कदाचित मला वेडी समजेल, नवऱ्याला सांगेल, तो शैलाताईंना विचारेल, आणि रात्रीपर्यंत तुमच्या बाबांचा फोन येईल.

येऊ दे.

— तुमची आजी