कप्तानाने बोलायचं नसतं

व्हर्लन टिडमोरला दिवसभर उपाशी ठेवा, उन्हात ठेवा, पण गप्प ठेवायला जाऊ नका, असं त्याची बायको इमोजीन लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून सांगत आलेली आहे.

जन्मभर त्याने गॅसचा टँकर चालवला. तळ्याकाठच्या एकूण एक घरामागची गॅसची टाकी त्याने भरली, आणि ती भरता भरता त्या घराच्या धक्क्याखाली बास मासा नेमका कुठल्या खांबाला चिकटून बसतो हेही बघून ठेवलं. हिवाळ्यात धरणवाले पाणी उतरवत तेव्हा बाकीचं गाव हरणांच्या मागे लागे. व्हर्लन गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून तळ्याचा उघडा पडलेला तळ तुडवत फिरे. बुडालेला जुना रस्ता कुठून जातो, झाडांचे बुंधे कुठे राहिलेत, सगळं त्याला पाठ. एवढी माहिती पोटात ठेवायची तर पोट मोठं हवं. पोट होतं, पण माहिती तिथे टिकत नसे. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात, चर्चच्या पायरीवर, एकदा तर ओडेल स्टॅगच्या आईच्या मयताला शवपेटीशेजारी उभं राहून, ऑक्टोबरात भिंगरीचं आमिष का टाकू नये, हे त्याने लोकांना न विचारता सांगितलं होतं. ओडेल बिचारा डोळे पुसत मान हलवत होता.

अशा माणसाला नातीने आपल्या बोटीचा कप्तान केलं, यात खरं तर तिचीही थोडी चूक धरायला हवी.

उत्तर अलाबामात शाळाशाळांच्या बासच्या स्पर्धा होतात. एका बोटीत दोन पोरं आणि एक मोठं माणूस. पोरांनी मासे धरायचे, मोठ्या माणसाने बोट चालवायची. तोच कप्तान. मागच्या वर्षापर्यंत कप्तानाला सल्ला देता येत होता. मग बापलोक असे काही सुटले की पोरांच्या हातात नुसते रॉड उरले, डोकं सगळं बापांचं. म्हणून यंदा नियम झाला: बोट सुटल्यापासून वजन होईपर्यंत आमिष, जागा आणि पद्धत यांबद्दल कप्तानाने अवाक्षर काढायचं नाही.

"जमेल ना, पपॉ?" लेनीने आदल्या दिवशी आजोबाला विचारलं होतं. लेनी म्हणजे डेलानी, त्याच्या थोरल्या मुलीची मुलगी, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. राज्याच्या अंतिम फेरीत जायची तिची ही शेवटची संधी. पहिल्या बारा बोटी जाणार होत्या. मागच्या वर्षी बोटीच्या काठाशी आलेला एक मासा सुटला आणि तिचा नंबर हुकला. त्यानंतर आठवडाभर ती घरात कुणाशी धड बोलली नव्हती.

"मी काय कुकुलं बाळ आहे?" व्हर्लन म्हणाला.

"तसं नाही. बाळं झोपतात तरी."

सप्टेंबर संपत आला होता. सकाळी पाण्यावर धुकं होतं. व्हर्लनने सॉसेज घातलेला बिस्किटाचा पाव तोंडात कोंबला आणि बोट सोडली. तोंड भरलेलं असलं की बोलता येत नाही, हा त्याचा हिशेब. पाव धक्का दिसेनासा व्हायच्या आतच संपला.

लेनीचा जोडीदार रॅन्स हा एक लांबलचक, शांत पोरगा. त्याने आमिषांच्या पेट्या उघडल्या तेव्हा व्हर्लनला वाटलं, दुकानच बोटीवर आलंय. चोचवाले लाकडी मासे, काचेसारखे मासे, शेपट्या हलवणारे मासे, खेकडे, आणि वांगी रंगाच्या इतक्या छटांची रबरी गांडुळं की कुठल्या माशाने त्यातला फरक ओळखला असता तर त्याला पकडायचं सोडून साडीच्या दुकानात नोकरीला लावायला हवा होता. व्हर्लनचं स्वतःचं म्हणणं साधं: काळ्या झालरीचा गळ, एक गांडूळ, एक रबरी बेडूक. बाकी सगळी आमिषं माणसं पकडायला बनवतात.

हे त्याने बोलून दाखवलं नाही. जीभ दातांखाली धरली आणि सुकाणू आवळलं.

पोरं गेली खोल पाण्यात. बोटीच्या पुढच्या टोकाला बसवलेल्या सोनारच्या पडद्यावर पाण्याखालचे मासे ठिपक्यांसारखे दिसत. रॅन्स ठिपका बघून आमिष सोडायचा, ठिपका आमिषाजवळ यायचा, वास घेतल्यासारखं करायचा आणि निघून जायचा.

"आला, आला... गेला," रॅन्स म्हणायचा.

"रंग बदल," लेनी म्हणायची.

रंग बदलायचा. ठिपका यायचा, जायचा. की पुन्हा गाठ सोडा, गाठ बांधा. व्हर्लनला वाटलं, एवढ्या वेळात आपण टँकर रिकामा करून आलो असतो. ते ठिपके खाणारे नव्हतेच. ते उन्हाळाभर तिथेच लोंबकळत असतात, बेकार पोरं पेट्रोल पंपावर उभी असतात तसे. हे त्याला माहीत होतं. हे सांगायला त्याला चार शब्द पुरले असते. त्याने त्याऐवजी खारे उकडलेले शेंगदाणे काढले आणि टरफलं अशी काही दाताने फोडायला सुरुवात केली की रॅन्सने वळून बघितलं.

"ठीक आहात ना, मिस्टर व्हर्लन?"

"मला काय झालंय?"

"नाही, तुम्ही कण्हताय."

तेवढ्या वेळात दोन मासे मिळाले, पण तेही जेमतेम मापात बसणारे. वजनाला पाच घेऊन जायचे होते.

साडेदहाच्या सुमाराला धुकं फाटलं आणि लख्ख ऊन पडलं. लेनीने पडद्यावरून नजर काढली, आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाली, "पपॉ, खाडीच्या तोंडाशी घे."

व्हर्लनचा जीव भांड्यात पडला. तळं जमिनीत आत घुसतं त्या खाडीच्या तोंडाशी पाणगवताचा हा एवढा थोरला गालिचा. ऊन चढलं की मोठे बास त्याच्या सावलीला शिरतात. त्याने बोट नेली, थांबवली, मोटर बंद केली. आणि त्याला ते ऐकू आलं. गवताखालून छोटे मासे किडे टिपतात त्याचा आवाज, चट, चट, चटचट. छोटे तिथे तर त्यांना खाणारे मोठेही तिथेच. याहून स्पष्ट पत्ता मासा कुणाला देत नाही. आता फक्त रबरी बेडूक काढायचा आणि गवतावरून खुरडत न्यायचा.

लेनी गवताकडे पाठ करून उभी होती. रॉड हातात घेतला नव्हता. टोपी सारखी करत होती, पाणी पीत होती, परत आकाशाकडे बघत होती. रॅन्स तर कुठलंसं खेकड्याचं आमिष घेऊन उघड्या पाण्यातच टाकत होता.

एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. चट, चटचट.

व्हर्लनच्या मानेची शीर तटतटली. ओडेल स्टॅगचा नातू दुसऱ्या बोटीतून खाडीकडे वळताना दिसला. बस्स, गेलं. जागा गेली. पोरगी पाणी पीत बसलीये आणि जागा गेली.

"भूक लागली बुवा," तो आभाळाला उद्देशून म्हणाला. "कुठेतरी बेकन तळल्यासारखं वाटतंय. चटचट चटचट. तुमच्या आजीच्या तव्यावर असतं ना, तसं."

रॅन्सने हळूच गवताकडे पाहिलं. मग लेनीकडे पाहिलं.

लेनीने पाण्याची बाटली खाली ठेवली. पायाशी पडलेलं आपलं जाकीट उचललं. खाली रॉड होता, त्याला काळा रबरी बेडूक बांधलेला.

"हा मी काल रात्री बांधला," ती म्हणाली. "ऊन गवताच्या आत पोचायला दहा मिनिटं देणार होते. म्हणून थांबले होते."

"मग टाक ना," व्हर्लन म्हणाला. "मी कुठे काय म्हणालो? मी बेकनबद्दल बोललो."

"तुम्ही बेकनबद्दल नाही बोललात."

नात त्याला 'तू' म्हणायची. 'तुम्ही' तिने आजवर फक्त वाहतूक पोलिसाला आणि दंतवैद्याला म्हटलेलं त्याने ऐकलं होतं.

"लेनी, तुला आधीच माहीत होतं. मग मी सांगितल्याने काय बिघडलं?"

"मला माहीत होतं हे मला माहीत आहे. तिथे वजनाच्या वेळी ब्रदर साइझमोर सगळ्यांसमोर माइकवर विचारतात, दिवस तुमचा होता का म्हणून. मी काय सांगू? अर्धा माझा, अर्धा बेकनचा?"

"हो म्हणायचं आणि मोकळं व्हायचं," रॅन्स म्हणाला. हा दिवसभरातला त्याचा सगळ्यांत लांब सल्ला. "मी तरी काही ऐकलं नाही. मी लहानपणापासून डाव्या कानाने कमी ऐकतो."

"ते तुझ्या उजव्या बाजूला बसलेत."

रॅन्सने खांदे पाडले. त्यालाही अंतिम फेरीला जायचं होतं. तो बेडकाकडे बघत राहिला, उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो तसा. शेवटी म्हणाला, "तुझ्या आजीचा तवा, तुझे आजोबा. तू ठरव."

लेनीने बेडूक दोरीवरून सोडवून डबीत टाकला आणि डबीचं झाकण लावलं. "धक्क्यांकडे चला, सर," ती व्हर्लनला म्हणाली. "गवत नको. कुठलंच गवत नको."

व्हर्लनने बोट वळवली. मागे ओडेलच्या नातवाने पहिला बेडूक टाकला आणि गवत फाटल्याचा जो आवाज झाला तो वळून न बघताही कळला. मासा मोठा होता. पाच पौंडांच्या आतला नव्हता. व्हर्लनला एक शब्द बोलावासा वाटला, तो मासेमारीचा नव्हता, तरी त्याने गिळला.

पुढचे चार तास ती दोघं धक्क्यांच्या खांबांशी गांडुळं सोडत राहिली. व्हर्लनला प्रत्येक खांब तोंडपाठ. पोरं रिकाम्या खांबाशी थांबली की त्याला ठसका लागे. ठसका लागला की लेनी वळून बघे. ती बघायला लागली की तो ठसका तसाच छातीत जिरवे. एकदा त्याने सरळ टोपी तोंडावर ओढली आणि बाकावर आडवा झाला. रॅन्सला वाटलं झोपला. तो मनातल्या मनात शिव्यांची उजळणी करत होता, वर्णक्रमाने. त्या वेळात पोरांनी तीन मासे धरले. त्यातला एक तर व्हर्लनने जन्मभर रिकामा समजलेल्या खांबापाशी मिळाला, आणि हे त्याला सगळ्यांत जास्त झोंबलं.

वजनाच्या वेळी बोटी उतरवायच्या उतारावर सगळं गाव. ब्रदर साइझमोर रविवारी प्रवचन देतात, शनिवारी तराजू सांभाळतात. दोन्हीकडे माइक तोच. "लेनी, रॅन्स, दिवस तुमचाच होता ना?"

"कप्तानाकडून एक गोष्ट कानावर आली," लेनी माइकमध्ये म्हणाली. "ती आम्ही वापरली नाही. ती जागा आणि ते आमिष दोन्ही सोडलं."

"कुठली गोष्ट?"

"बेकनबद्दल होती."

लोक हसले. इमोजीन पहिल्या रांगेत घडीच्या खुर्चीवर बसली होती; तिने हसू आवरण्यासाठी पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. व्हर्लन बोटीच्या मागच्या दिव्याची वायर उगाचच तपासत राहिला. ओडेल स्टॅग लांबून ओरडला, "व्हर्लन, मयतापेक्षा बरी वेळ निवडलीस." परीक्षकांनी दोन मिनिटं डोकी एकत्र केली, कप्तानाला समज दिली, मासे ग्राह्य धरले.

वजन साडेदहा पौंड. नंबर अकरावा. अंतिम फेरी मिळाली.

लेनीने रॅन्सला मिठी मारली, आईला मारली, आजीला मारली. व्हर्लनजवळ येऊन थांबली. मग त्यालाही मारली, पण थोडी लवकर सोडली.

"दोन आठवडे आहेत," व्हर्लन म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "आता या वेळी माझी जीभ मी घरी ठेवून येतो, बघच तू."

"पपॉ, बोट तुझीच घेणार," लेनी म्हणाली. पुन्हा 'तू' झालं होतं, म्हणून त्याला पुढचं ऐकू यायला जरा वेळ लागला. "कप्तान मात्र आजी."

"इमोजीन?"

"तिने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली. बोट चालवेल."

"तिला बास आणि कार्प यांतला फरक कळत नाही."

"हो ना," लेनी म्हणाली.

रात्री घरी जेवणाच्या टेबलावर कॉर्नब्रेड मोडता मोडता व्हर्लनला राहवलं नाही. आपलीच बोट, आपलीच बायको, आपलीच नात आणि आपण काठावर. निदान काहीतरी कामाचं तिच्यासोबत जावं.

"इमोजीन, मोटर थंड असली की चोक अर्धाच ओढायचा."

"बरं."

"आणि बोट मागे घेताना डावीकडे जरा ओढते."

"बरं."

"आणि अंतिम फेरी जिथे आहे ना, त्या तळ्यात पुलाच्या पूर्वेला जुना लाकडी..."

इमोजीनने चमचा खाली ठेवला. "व्हर्लन, ते माझ्या कानात घालू नकोस. मला कळलं की मीही बाद."

"मी फक्त लाकडी म्हणालो."

"लाकडी पण नको."

दोन आठवडे तोंड बंद, आणि तेही स्वतःच्या घरात. इमोजीनने बीन्सचं भांडं त्याच्याकडे सरकवलं, आणि हवामानाबद्दल बोललास तर चालेल, असं म्हणाली. त्याने थोडा विचार केला, वारा पूर्वेचा असला तर मासे कसे वागतात ते आठवलं, आणि बीन्स वाढून घेतल्या.