कुंडलला उतरलो नाही

पुसेगावच्या पुढच्या चढावर मोटर थांबली. सगळे ढकलायला उतरले आणि माझी सून सुगंधा रस्त्याकडेला बसून खोकली. पदर तोंडावरून काढला, तर त्यावर रक्ताची रेघ.

"उष्णता हाय," शेजारची बाई म्हणाली. "गुलकंद द्या."

लढाईचे दिवस होते. मोटारी कोळशाच्या धुरावर चालायच्या. त्या धुराचाच खोकला, असंही कुणी म्हणालं.

मी सुगंधाला दहिवडीकडून तिच्या माहेरी, कुंडलला, पोचवायला निघाले होते. मुलगा पलटणीतून रजेवर येऊन गेला, मग हिची पाळी थांबली. दिवस गेले असं घरानं धरलं, मीही धरलं. महिनाभराचा खोकला, दिवेलागणीला कोमट अंग, झोपेत घामानं भिजलेली चोळी, सगळं त्यावरच ढकललं.

मोटर सुरू झाल्यावर मी तिच्या पाठीवर हात फिरवला. आम्ही मेंढरं पाळणारी माणसं. गाभण मेंढी पाठीला हात लावला की कळते. हिच्या मणक्यांवर मांसच उरलं नव्हतं.

साताऱ्यात डॉक्टरनं तपासलं. दिवस गेलेले नव्हते. छातीला नळी लावून म्हणाला, "काही ऐकू येत नाही. अशक्तपणा आहे, टॉनिक देतो."

"मग रक्त कुठलं?"

त्यानं नळी काढून ठेवली. "सांगलीला नेऊन छातीचा फोटो काढा."

दुसऱ्या दिवशी आगगाडीत बसलो. स्टेशनवर भजी घेतली. मी खाल्ली, तिनं एक कुरतडून ठेवलं. कराडच्या पुढं कृष्णाकाठचा ऊस लागला. आमच्या माण तालुक्यात एवढं हिरवं कधी दिसत नाही. ती मात्र डोळे मिटून होती.

कुंडलला जायला जिथं उतरायचं ते स्टेशन आलं. तिचा भाऊ बापू बैलगाडी घेऊन आला होता.

"आवं मावशी, उतरा की!"

"न्हाई. हिला क्षय असंल. सांगलीला चाललोय."

"हळू बोला! डबा ऐकतोय. धाकटीची सोयरीक जमलीया."

"त्या लग्नात हिला वाढायला उभी करायचीय. चढ, न्हाईतर बाजूला हो."

सुगंधा रडायला लागली. "आत्याबाई, मला आईकडं जाऊ द्या."

"आईला खोकला द्यायला? बस खाली."

गाडी हलली. बापू धावत येऊन चढला आणि कपाळाला हात लावून बसला. "बैलं एकटी घरला जातील व्हय?"

"जातील. तुझ्यापरीस शानी हायती."

सांगलीच्या डॉक्टरनं फोटो खिडकीच्या उजेडात धरला. डाव्या फुप्फुसाच्या टोकाला सुपारीएवढा डाग होता. "बाई, इतक्या लवकर आमच्याकडं कुणी येत नाही," तो म्हणाला. माझी शाळा चौथीपर्यंत. तरी एवढ्या मोठ्या डॉक्टरनं मला खुर्ची दिली, हे मी आजही सांगते.

नऊ महिने दवाखान्याच्या उघड्या पडवीत काढले. झोप, दूध, मोकळी हवा. थुंकी झाकणाच्या डब्यात, मग जाळायची. मी माळकरी, अंड्याला कधी शिवले नव्हते. रोज दोन फोडून तिला पाजली.

परत माणात आलो तेव्हा माळ तसाच बोडका होता, पण सुगंधा मोटारीतून उतरून घरापर्यंत चालत आली. बायांनो, दृष्ट काढा, अंगारा लावा, माझं काही म्हणणं नाही. पण तीन आठवडे खोकला राहिला, तर आधी छातीचा फोटो काढा. दवाखान्यात सुगंधाच्या दोन्ही बाजूंच्या खाटांवरच्या बाया अंगानं हिच्यापेक्षा दणकट होत्या, पण उशिरा आल्या होत्या. त्या दोघी गेल्या. सुगंधा जगली.